चवथ्या मजल्यावरील टोचणीच्या मसलतीची हकिकत

श्री. ज्या मायेने लेकराच्या कपाळी हात ठेवोन ताप ओळखावयाची विद्या आयांस दिल्ही आणि थर्मामीटर मागाहून पाठविला, तिचे चरणी मस्तक ठेवोन हे वर्तमान लिहिले असे. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, श्रावणमासी, एका राज्यात लेकरांस फ्लूची लस टोचावी की न टोचावी ये विषयी थोर मसलत पडली, ती ऐसी जे: राज्य लहानसे, चवथ्या मजल्यावर, दोन दालने, एक मुदपाकखाना आणि एक सज्जा, त्या सज्ज्यात तुळस आणि वाळत घातलेले कपडे यांचा नित्य सीमातंटा. वर चढावयास लिफ्ट नामे पाळणा होता, तो बहुतकरून रुसलेला असे. राज्याचे धनी राजश्री निरंजनराव, स्वभावे सौम्य, शब्दाचे पक्के. आणि राज्ञी सौभाग्यवती शरयूबाई, बुद्धीने तीक्ष्ण आणि काळजीने त्याहून तीक्ष्ण. उभयतांनी लग्नसमयी एक तह केला होता जे, एकाने नको म्हटले तर ते दोघांचे नको, आणि होकारास मात्र दोघांचे मुख पाहिजे. या तहाचे मूळ शरयूबाईंचे माहेरी. तेथे वडिलांचा शब्द तोच कायदा, मातोश्रींस भिंतीचा रंगही कोणी पुसत नसे, आणि ते पाहोन बाईसाहेबांनी सोयरीक ठरतेवेळीच सांगितले होते की, "माझ्या घरात असं चालणार नाही." निरंजनरावांनी आनंदे मान डोलविली आणि मग तह जो पाळला तो ऐसा की खिडक्यांस वर्षभर पडदे लागले नाहीत, कारण त्यांस निळे आवडत ते यांस नको आणि यांस पिवळे आवडत ते त्यांस नको, आणि कन्येचे नाव बारशाचे दिवशीही ठरले नव्हते, सबब आत्याबाईंनी पाळण्यात वाकोन कानात "बाळ" एवढेच सांगितले आणि घुगऱ्या वाटोन वेळ मारोन नेली. तरी संसार गोडीने चालिला होता, हे खोटे लिहिणार नाही.

आता लेकरे दोन. ज्येष्ठ चिरंजीव तन्मयराव, वय वर्षे पाच, धडाडीचे, सोफ्यावरोन उडी घालावयास कधी मागेपुढे न पाहणारे; आणि कन्या मनवाबाई, वय तीन, शब्द थोडे आणि हट्ट खंबीर. तन्मयराव दीड वर्षाचे असता त्यांस नित्याची लस टोचली आणि सायंकाळी ताप चढला, ते समयी निरंजनराव कचेरीचे कामास परमुलखी गेले होते आणि बाईसाहेब एकट्या, आणि लेकरू मांडीवर असता पाहता पाहता त्याचे डोळे वर गेले, हातपाय ताठ जाहले, ओठ निळे पडले, आणि बाईसाहेबांस वाटले की लेकरू गेले. वरचे मजल्याचे दिगंबरपंत धावोन आले आणि त्यांणी चप्पल हुंगविली, कोणी कांदा फोडिला, आणि इतकियात लेकरू आपले आपण रडले. मग डॉक्टर हेमलताबाई यांणी समजाविले जे, हा तापाचा झटका, दिसावयास भयंकर, बहुतेक वेळा जातो आपला आपण आणि मागे काही ठेवीत नाही. असे पुन्हा जाहले तर कुशीवर घ्या, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा, पाच मिनिटांत न थांबे तर धावत या. आणि हेही सांगितले की झटका तापाने आला, आणि ताप कशानेही येईल. बाईसाहेबांनी ऐकिले, समजोन घेतिले, आणि त्यातील एक अक्षर पोटात उतरले नाही. पोटात निळे ओठ बसले होते. पुढील लसींस त्या कैशाबैशा गेल्या, दर खेपेस दोन दिवस अन्न गोड लागले नाही. निरंजनरावांनी तो प्रसंग कानांनी ऐकिला होता, डोळ्यांनी पाहिला नव्हता, आणि ऐकणे व पाहणे यांत जे अंतर आहे ते पुढे कथेत येईलच. दुसरी गोष्ट गतवर्षीची. मनवाबाईंस साधी सर्दी जाहली, ती छातीत उतरली, बरगड्या आत ओढू लागल्या आणि इस्पितळात चार दिवस प्राणवायूचा मुखवटा लावोन निजविले. तेव्हापासोन शरयूबाईंस एक सवय जडली जे, कन्या निजली की तिच्या पाठीस कान लावावा आणि आत शिट्टी वाजते की काय ते ऐकावे. येणेप्रमाणे एका लेकराचे भय सुईचे आणि दुसऱ्याचे भय सर्दीचे, ऐसी दोन भये एकाच आईचे पदरी पडली होती.

ऐसे असता फ्लू नामे गनीम मुलुखात शिरला. प्रथम बालवाडीचे ठाणे पडले, निम्मी पोरे तापाने घरी बसली, मग तेथील शिकविणाऱ्या बाईंसही ताप आला, मग तिसरे मजल्यावरील लेकीस इस्पितळी नेल्याचे वर्तमान आले. उभयता कन्येस घेवोन हेमलताबाईंकडे गेले. त्यांणी छाती तपासिली आणि बोलिल्या, "हिची छाती नाजूक आहे, हे तुम्हांला मी वेगळं सांगायला नको. दोघांनाही फ्लूची लस द्या, आणि हिला आधी. पहिलीच वेळ आहे, म्हणजे महिन्याच्या अंतरानं दोनदा द्यावी लागेल, आणि अंगात जोर धरायला दोन आठवडे जातात. लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही असं मी म्हणत नाही, पण इस्पितळाची पायरी चढायची वेळ पुष्कळ टळते. विचार करा, पण लांबवू नका." आता शरयूबाईंस विचार करा म्हणणे म्हणजे उतरणीस लागलेल्या गाडीस मागोन धक्का देणे होय. निरंजनराव तेथेच बोलिले, "द्यावी." आणि शरयूबाई बोलिल्या, "नको. आत्ता नको." तहाप्रमाणे विषय मिटला. लेकीस पायमोजे चढविले आणि स्वारी माघारी फिरली.

परंतु विषय कसचा मिटतो. दिगंबरपंतांनी मोबाईलचे समूहदरबारी खलित्यावर खलिता धाडावयास आरंभ केला, सकाळी लिहीत जे कापूर-ओवा-लवंगेची पुरचुंडी गळ्यात बांधा म्हणजे सुईचे काम नाही, आणि सायंकाळी त्याच हाते लिहीत जे लस न घेणाऱ्यांची खैर नाही, आणि दोहींखाली हात जोडलेली खूण. बाईसाहेब दोन्ही वाचीत आणि दोन्हींवर अर्धा अर्धा विश्वास ठेवीत. मग एके सायंकाळी पोळ्या लाटिता लाटिता त्यांणी विषय काढिला.

"तुला खरंच वाटतं द्यावी?"

"सांगितलं की मी. द्यावी."

"मग गप्प का बसलायस?"

"तू नको म्हणालीस. ठरलंय आपलं."

"ठरलंय ते ठाऊक आहे मला."

"तू हो म्हण, मी आत्ता रिक्षा आणतो," ऐसे बोलोन निरंजनराव खरोखरच उठोन उभे राहिले, चपला पायात घालावयाच्या तेवढ्या बाकी, आणि मुखाकडे पाहत राहिले. शरयूबाईंनी तव्यावरची पोळी उलटिली, ती करपली, दुसरी टाकिली, आणि बोलिल्या, "बस खाली. जेवायला वाढते." ते बसले. आणि बाईसाहेबांस त्यांचा ऐसा संताप आला की सांगता पुरवत नाही. कारण त्यांचे मनात जे होते ते ऐसे की या माणसाने एकदा, एकदाच, मला न पुसता लेकीस उचलावे आणि म्हणावे की काही झाले तर माझ्यावर. आणि हे मनात येताच दुसरा संताप आपलाच आला, की हेच तर माहेरी वडील करीत आणि हेच न व्हावे म्हणोन मी तह मागितला. आपण मागितलेले मिळाले आणि तेच गळ्यास लागले. निरंजनराव बापडे मुळ्याची कोशिंबीर वाढोन घेत होते, त्यांस यातील काही ठाऊक नव्हते.

ऐसे दिवस जावो लागले. तहात एक खोट होती आणि ती इतकी वर्षे कोणाचे ध्यानी आली नव्हती, ती ऐसी की नकार देवोन माणूस घरी बसला तरी गनीम बाहेर बसोन राहत नाही. पडद्यांचे प्रकरणी ही खोट दिसावयाचे कारण पडले नव्हते. एके दिवशी दुपारी बाईसाहेबांनी मनाचा हिय्या केला, तन्मयराव शाळेत आणि धनी कचेरीस गेले असता लेकीस नवा झगा घातला आणि कोणास न सांगता दवाखान्याचे पायऱ्यांपर्यंत गेल्या, मनात ठरविले की आज होकार आपला आणि त्यांचा आहेच. तो आतून एक तान्हे मूल टोचल्याने किंचाळिले. ते नित्याचेच किंचाळणे, पाव घटकेत दूध पिवोन हसणारे, परंतु बाईसाहेबांनी पायरीवर ठेविलेले पाऊल मागे घेतिले. कन्येने हात ओढिला आणि पुसिले, "आई, वर नाही जायचं?" तेव्हां त्या बोलिल्या, "नाही गं. डॉक्टर जेवायला गेल्यात." खालचे दुकानातोन बिस्किटांचा पुडा घेतिला आणि माघारी आल्या. सायंकाळी धन्यांनी सहज पुसिले की मनवाने नवा झगा का घातला, तेव्हां उत्तर दिल्हे, "जुने वाळले नव्हते." लग्नापासोन धन्यांशी बोललेले हे पहिले खोटे, आणि ते गिळिता त्यांस बहुत जड गेले.

तिसरे दिवशी तन्मयराव शाळेतोन आले ते खोकत आले. दप्तर दारात टाकिले, सोफ्यावर उडी न घालता निजले, आणि हे पाहताच शरयूबाईंस थर्मामीटर लावावयाचे आधीच कळले. गनीम किल्ल्यात आला. त्यांणी तत्क्षणी राज्याची फाळणी केली: आतील दालन तन्मयरावांस, त्यांचे चाकरीस निरंजनराव, त्यांणी कचेरीत रजेचा निरोप धाडिला, बाहेरील दालन मनवाबाईंस आणि त्यांचे चाकरीस आपण, भांडी वेगळी, पंचे वेगळे, तोंडास मुखपट्ट्या. हेमलताबाईंनी चिरंजीवांस औषध दिल्हे, कन्येसही घरात आजारी असलेमुळे बचावाचे औषध चालू केले, आणि बोलिल्या, "लस महिन्यापूर्वी दिली असती तर आज मी इतकी घाबरले नसते. आता मात्र हिच्या श्वासावर लक्ष ठेवा." बाईसाहेबांनी मान हालविली. त्या बोलात ठपका नव्हता, तरी तो लागला. मग लेकीचे पाठीस कान लावणे जे निजतेवेळचे होते ते दिवसभराचे जाहले, कन्या चित्रे रंगवी तरी हिचा कान पाठीस, आणि कन्या कंटाळोन म्हणे, "आई, सरक. मला गुदगुल्या होतात."

दुसरे दिवशी भर दुपारी, वरणभात शिजत असता, आतील दालनातोन हाक आली. हाक शब्दांची नव्हती, नुसता आवाज होता, आणि तो निरंजनरावांचा आहे हे ओळखावयास बाईसाहेबांस क्षण लागला. मनवाबाईंस "इथंच बस" म्हणोन त्या आत धावल्या, तो तन्मयरावांचे डोळे वर गेलेले, अंग ताठ, हात झटके देत, ओठांवर तोच निळा रंग, आणि निरंजनराव, जे कधी मोठ्याने बोलिले नाहीत, ते एक हाते लेकरास धरोन दुसरे हाते त्याचे दातांत चमचा घालू पाहत होते आणि म्हणत होते, "शरयू, गेला, हा गेला."

"चमचा टाक," शरयूबाई बोलिल्या. "तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर घे त्याला. माझ्याकडे वळव. हां, असा. आता धरू नकोस, नुसता हात ठेव. घड्याळ बघ."

"मला दिसत नाहीये घड्याळ."

"मग मी बघते."

आणि त्या काट्याकडे पाहत राहिल्या. तो सेकंदाचा काटा ऐसा चालला की जणू त्यास कोणी मागे ओढीत आहे. बाहेर कुकरने शिट्टी दिल्ही आणि कोणी उठले नाही. एक फेरा जाहला, दुसरा जाहला, तिसरा अर्ध्यावर आला तेव्हां लेकराचे हात ढिले पडले, मोठा श्वास आला, ओठांस रंग चढला, आणि तन्मयराव कुंथोन रडले आणि पाणी मागितले. पाणी लागलीच दिल्हे नाही, पुरते शुद्धीवर येवो दिल्हे, हेही बाईसाहेबांस ठाऊक होते. मग त्यांचे ध्यानी आले की आपला हात कापत नाही. ज्या भयास इतकी वर्षे उराशी धरिले, ज्यापायी सुई टाळिली, ते भय सुईवाचोन, नुसत्या फ्लूचे तापाने, घरात चालत आले होते. आणि निरंजनराव जमिनीवर बसोन चमच्याकडे पाहत होते.

इस्पितळात नेले, एक दिवस ठेविले, आणि चिरंजीव चवथे दिवशी खिचडी मागोन भांडो लागले. मनवाबाईंस ताप आला नाही. औषधाने की फाळणीने की दैवाने, हे कोणी सांगावे. दहा-बारा दिवस गेले आणि हेमलताबाईंनी सांगोन धाडिले जे, ऋतू सरला नाही, फ्लूच्या जाती अनेक, दोन्ही लेकरे ठीक आहेत, आता तरी लस द्या. त्या सकाळी शरयूबाईंनी लेकीची वेणी घातली आणि बोलिल्या, "निरंजन, आज जाऊ या. माझा होकार आहे."

निरंजनराव खिडकीशी उभे होते. ते बोलिले, "नको."

बाईसाहेबांस वाटले, ऐकण्यात चूक जाहली. "काय?"

"नको, शरयू. मी पाहिलं त्या दिवशी. ताप येईल ना लसीनं? आला तर? हिला तसं झालेलं मी नाही बघू शकत." आणि मागे न वळता पुढे बोलिले, "तू एकटी होतीस तेव्हा. मी फोनवर म्हणालो होतो, अगं होतं असं, घाबरू नकोस. किती सहज म्हणालो होतो मी."

आता पाहावे तर ज्याचा होकार इतके दिवस तयार होता त्याचा नकार जाहला, आणि नकाराचा होकार, आणि तहाप्रमाणे एक नको पुरे. वेणी घालोन कन्या दारात बसली होती, तिला बूट उलटे घालावयाची खोड, ते तिने घातले होते. शरयूबाई धन्यांजवळ गेल्या. त्यांस राग आला नाही, उलट या माणसाविषयी माया दाटली, कारण इतकी वर्षे त्या ज्या ठिकाणी एकट्या उभ्या होत्या तेथे आज दुसरे कोणी येवोन उभे राहिले होते. परंतु माया वेगळी आणि लेकीची छाती वेगळी. त्या बोलिल्या, "तुझं नको मी ऐकलं. तुला काय दिसतंय तेही मला ठाऊक आहे, मलाही तेच दिसतंय. पण गेल्या वर्षी हिच्या बरगड्या ओढत होत्या, तेही मला दिसतंय. मी हिला घेऊन जातेय."

"आपलं ठरलं होतं."

"मोडला तह. मी मोडला. काही झालं तर माझ्यावर."

ऐसे बोलोन त्यांणी लेकीचे बूट सुलटे केले, तिला कडेवर घेतिले, तन्मयरावांचा हात धरिला आणि जिना उतरो लागल्या, लिफ्टचा पाळणा रुसलेलाच होता. आपल्या मुखातोन वडिलांचा शब्द निघाला की काय, हे त्यांचे मनात दुसरे मजल्यावर आले आणि पहिल्यावर गेले. वडील असे बोलताना त्यांचे पाय कधी लटपटले नव्हते. मागोन पावले वाजली. निरंजनराव होते, कुलूप न लावता आलेले, पायात दोन जोडांच्या दोन चपला. दवाखान्यात आपली पाळी आली तेव्हां त्यांणी कन्येस मांडीवर मागोन घेतिले, तिचे डोके छातीशी धरिले, आणि डोळे मिटावयाचे होते ते मिटले नाहीत. हेमलताबाईंनी टोचिले. मनवाबाई रडल्या, मग गप्प जाहल्या, मग बापाकडे पाहोन बोलिल्या, "बाबा, तू का रडतोस? मला टोचलं." तन्मयरावांनी आपला दंड पुढे केला आणि टोचल्यावर सर्व दवाखान्यास ऐकू जाईल ऐसे सांगितले की मला काही लागले नाही.

सायंकाळी मनवाबाईंचे अंग कोमट जाहले. शंभरास थोडा उणा ताप, तो कागदावर काहीच नव्हे, परंतु त्या घरात तो काय होता ते लिहिता येत नाही. हेमलताबाईंनी सांगितलेले औषध दिल्हे. कन्या मध्ये निजली, एकीकडे शरयूबाई आणि एकीकडे निरंजनराव, आणि दोघांचा एकेक हात तिचे पोटावर. एकदा कन्या झोपेत दचकली तेव्हां दोघेही उठोन बसले, आणि ती कूस बदलोन निजली, आणि दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. मग निरंजनराव हळूच बोलिले, "काही झालं तर दोघांवर." शरयूबाईंनी त्यांचा हात धरिला. पहाटे अंग गार जाहले.

येणेप्रमाणे मसलत पार पडली. महिन्याने दुसरी टोचणी जाहली, ते समयी दरबार भरला नाही. निरंजनराव वाटेत आपले मत सांगत आले, शरयूबाई आपले, ती जुळली नाहीत आणि तरी रिक्षा दवाखान्यापाशी थांबली. पुढे त्या ऋतूत गनीम पुन्हा किल्ल्यावर आला आणि भिंत पाहोन फिरला, की या वाटेस आलाच नाही, हे पुसावयास लोक येतात. बखरकारापाशी त्याचे उत्तर नाही. जे घडले ते लिहिता येते, जे घडावयाचे टळले त्याची बखर कोणी लिहावी. शरयूबाई अद्यापि निजतेवेळी लेकीचे पाठीस कान लावितात. आत काही वाजत नाही, तरी थोडा वेळ तेथेच राहतात. हे वर्तमान जैसे कळले तैसे लिहिले असे, उणे अधिक असेल ते आईबापांनी आपापले पदरचे घालोन पुरे करावे.